आडवे सात, तीन अक्षरी

१

शब्दकोड्यात हत्ती सहसा हत्ती म्हणून येत नाही. दोन घरं असली की गज नाहीतर करी, तीन असली की कुंजर, वारण, मातंग. बेडूक दर्दुर होतो, मगर नक्र, पोपट शुक. पेपरातल्या बाकीच्या पानांवर यांतला एकही भेटत नाही.

२

जगातलं पहिलं छापील शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ चं मानतात. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या ‘फन’ पुरवणीत ते आलं. करणारा आर्थर विन, मूळचा लिव्हरपूलचा. आकार शंकरपाळ्यासारखा, मधोमध मोकळी जागा. नाव होतं ‘वर्ड-क्रॉस’, ते पुढे उलटून ‘क्रॉस-वर्ड’ झालं.

कोड्यांचं पहिलं पुस्तक १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर यांनी काढलं. त्याच्यासोबत एक पेन्सिल जोडलेली होती. वाचक चुकणार, खोडणार आणि पुन्हा लिहिणार, हे प्रकाशकांनी ओळखलं होतं. वाचकाची एवढी कदर मला फार आवडते.

३

डोंबिवली जलद, लेडीज डबा. आडवे सात : ‘कावळा, तीन अक्षरी’. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “वायस.” समोर मटार सोलत बसलेल्या मावशींनी मान वर न करता म्हटलं, “एकाक्ष.” दोन्ही बसत होते. पुढची दोन स्टेशनं डब्यात दोन तट पडले. मग कुणीतरी उभे चार सोडवलं, ‘दूध किंवा पाणी’, म्हणजे पय. मधल्या घरात ‘य’ आला आणि वायस ठरला.

मावशी म्हणाल्या, “असू दे. पण माझंही बरोबर होतं.”

होतंच.

४

इंग्रजी कोड्याच्या एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसतं. आपल्या घरात काय काय बसू शकतं? चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी. चारशेच्या वर गेलो. त्यावर जोडाक्षरं. म्हणूनच अमेरिकी दैनिकांतल्या पंधरा बाय पंधराच्या कोड्यासारखं, जिथे जवळजवळ प्रत्येक अक्षर आडवं-उभं दोन्हीकडून तपासता येतं, तसं दाट विणलेलं कोडं मराठीत करणं महाकठीण. ‘म’ला ‘म’च लागतो, ‘मा’ चालत नाही, ‘मि’ चालत नाही. आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त आणि छेद कमी असतात, त्यात कोडं करणाऱ्याचा आळस नसतो. लिपीच तशी आहे.

सोडवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर उलट गंमत. इंग्रजीत एक ‘आर’ मिळाला तरी पुढचं सगळं अंधारात. आपल्याकडे ‘रा’ मिळाला की व्यंजनही हातात आणि स्वरही. मराठीत छेद कमी मिळतात, पण मिळतो तो भरघोस.

५

कार्त्स्न्य : दोन घरं. दुसऱ्या घरात पाच व्यंजनं, आणि घर करंगळीच्या नखाएवढं.

६

संगणकाच्या लेखी ‘स्त्री’ म्हणजे सहा चिन्हं : स, हलन्त, त, हलन्त, र, ईकार. कागदावर एक घर. मोबाइलवर मराठी कोडं नीट चालायचं तर यंत्राला आधी अक्षर म्हणजे काय ते शिकवावं लागतं. पहिलीतल्या मुलाला ते बोटं मोजून येतं.

७

सार्वजनिक वाचनालयातली पाटी : ‘कृपया वर्तमानपत्रातील शब्दकोडे भरू नये.’

पाटीखालच्या बाकावर दोन आजोबा. एकाच्या मांडीवर दोनशे पानी वही आणि पट्टी. तो पेपरात बघून वहीत चौकोन आखतो, काळी घरं पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून भरतो, आकडे घालतो. आखणं पूर्ण झालं की दुसरा क्ल्यू वाचतो आणि पहिला लिहितो. वहीची मागची पानं चाळून दाखवली त्यांनी. रोज एक पान, वर तारीख. पेपर जसाच्या तसा कोरा राहतो, पुढच्या माणसासाठी.

मी विचारलं, “फोटो का नाही काढत मोबाइलवर?” उत्तर आलं, “आखता आखता निम्मं सुटतं.”

८

रवी आणि विजय एकमेकांना छेदू शकतात का?

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे कवि, रवि, मति हे शब्द मराठीत कवी, रवी, मती असे लिहायचे. समासात मात्र ह्रस्व टिकतो : रविवार, कविराज. म्हणजे रवी एकटा असला की दीर्घ आणि पुढे कुणी आलं की ह्रस्व. कोडं करणाऱ्याला ‘वि’ हवा असतो, कारण उभा शब्द विजय आहे. मग तो रवीला ह्रस्व करून टाकतो.

सूट घ्यायला माझी हरकत नाही. चारशे अक्षरांच्या संसारात थोडी ढील लागतेच. पण घेतली असेल तर कोड्याखाली एका ओळीत तसं छापावं. शाळेतली मुलंही हे कोडं सोडवतात, आणि छापलेलं ते बरोबरच असं त्यांना वाटतं.

९

वाईट क्ल्यू :

‘एक नदी.’ ‘एक गाव.’ ‘मुलीचे नाव, तीन अक्षरी.’

चांगला क्ल्यू :

‘सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी.’

पहिल्यात माणूस छेदांची वाट बघत बसतो. दुसऱ्यात तो मनाने हरिपूरच्या संगमावर जाऊन येतो, आणि वारणा घेऊनच येतो.

१०

पान एक : ‘तरुण रक्ताच्या थारोळ्यात सापडला.’

पान आठ, उभे अकरा : ‘मोटेचे पाणी पडण्याची जागा, तीन अक्षरी.’

११

अमरकोश तीन कांडांचा, साधारण दीड हजार श्लोकांचा. पाठशाळेतली मुलं तो अर्थ कळायच्या आधी पाठ करत. एका वस्तूला जितकी नावं, तितकी एका ओळीत बांधलेली. आपल्या कोड्यांतले निम्मे क्ल्यू तिथूनच येतात, थेट किंवा वळसा घालून. ‘कमळ’ म्हटलं की पद्म, नलिन, पंकज, अंबुज, सरोज, राजीव. ‘रात्र’ म्हटलं की निशा, रजनी, यामिनी, शर्वरी. घरं मोजायची आणि बसेल ते बसवायचं.

मला हे शब्द आवडतात. यामिनी आणि शर्वरी निदान मुलींच्या नावांत तरी जिवंत आहेत. पण दर्दुर कुणाच्या तोंडात आहे? बेडकाला कुठल्याही शेतात, कुठल्याही आळीत दर्दुर म्हणत नाहीत. आणि त्याच वेळी जे शब्द कालपरवापर्यंत रोज तोंडात होते, ते कोड्यात फार क्वचित येतात. हे मला खटकतं आणि मी ते सांगत राहणार.

१२

‘दोन शेरांचे माप, तीन अक्षरी.’ ऑफिसात सगळे अडले. गुगललाही विचारून झालं. जेवणाच्या सुट्टीत खाली किराणा-भुसारवाल्या शेठना विचारलं. ते एका गिऱ्हाईकाला तूरडाळ मोजून देत होते, डिजिटल काट्यावर. आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि एका दमात म्हणाले, “दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर अधोली, दोन अधोल्या पायली.”

मग मला विचारलं, “काय देऊ?”

१३

सासूबाईंचं वाचन पहिल्या पानापासून नाही, कोड्यापासून सुरू होतं. चष्मा नाकावर, पेपर चार घड्या करून पोळपाटावर. ‘चुलीचा जोडभाग, दोन अक्षरी.’ माझी मुलगी म्हणाली, “आजी, बर्नर?” सासूबाईंनी ‘वैल’ लिहिलं. मग पोळ्या थांबवून तिला समजावलं : मुख्य चुलीत जाळ, तिची धग शेजारच्या खळग्यात जाते, त्याच्यावर भाजी रटरटत ठेवायची किंवा दूध ऊन करायचं. वेगळं सरपण लागत नाही.

मुलीचा पुढचा प्रश्न : “म्हणजे तेव्हाही दोन शेगड्या होत्या?”

“होत्या तर.”

१४

सुडोकू त्याच पानावर, कोड्याच्या खाली. लंडनच्या ‘टाइम्स’ने २००४ च्या नोव्हेंबरात तो छापायला घेतला आणि बघता बघता जगभरच्या पेपरांत तो पोहोचला. कुठल्याही भाषेत तसाच छापता येतो, भाषांतर करावं लागत नाही. सुडोकूत अडलेल्या माणसाने शेजारच्याला हाक मारलेली मी कधी पाहिली नाही.

१५

बक्षिसाची कोडी.

एके काळी शब्दकोडं म्हणजे प्रवेश-फी, छापील प्रवेशिका आणि हजारोंची बक्षिसं. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. मग बाहेरच्या राज्यात छापलेल्या पत्रांतून कोडी येऊ लागली, तेव्हा १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांनाही आत घेतलं. बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ चालवणारे चामरबागवाला न्यायालयात गेले. १९५५ मध्ये केंद्राचाही कायदा आला : अशा स्पर्धेत महिन्याची एकूण बक्षिसं एक हजार रुपयांच्या वर नकोत आणि प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात हेही सांगितलं की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं, तिला केंद्राचा हा कायदा लागू नाही.

म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायासनाला एक प्रश्न सोडवावा लागला : कोडं कधी कोडं असतं आणि कधी सट्टा?

त्याचं उत्तर क्ल्यूतच असतं. एक नमुना मी करून बघितला. ‘संकटात हा कामी येतो.’ दोन घरं, दुसऱ्यात ‘त्र’ आहे, पहिल्याला छेद नाही. मित्र बसतो. मंत्र बसतो. पुत्र बसतो. आता बरोबर कुठला? ज्याने पाकीट सीलबंद करून ठेवलं आहे, त्याच्या मनातला. असे दहा क्ल्यू घाला आणि प्रत्येकाला दोनच पर्याय धरा. सगळ्या शक्यता भरायच्या तर १०२४ प्रवेशिका लागतात. फी प्रत्येक प्रवेशिकेला. इथे शब्दसंग्रहाचा संबंध सुटला, खिशाचा आला.

चांगल्या क्ल्यूचं उत्तर कळल्यावर ‘अरे, हेच की’ असं वाटतं. ‘हेही चाललं असतं’ असं वाटलं की क्ल्यू फसला. बक्षीस नसलं, फी नसली तरी हा नियम कोडं करणाऱ्याने पाळायला हवा. सोडवणाऱ्याला जिंकता आलं पाहिजे. तो रोज सकाळी आपली वीस मिनिटं तुमच्या स्वाधीन करतो.

१६

‘अति तेथे ___.’ हा क्ल्यू आला की घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे पेपर द्यायचा. आमच्याकडे तसा रिवाज आहे. ‘माती’ लिहिताना दोन घरांच्या भिंती फुटतात आणि ‘ती’ची वेलांटी काळ्या घरात जाते.

१७

मे १९४४, लंडनचा ‘डेली टेलिग्राफ’. कोड्यांच्या उत्तरांत एकामागून एक शब्द आले : युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी. १ जूनला नेपच्यून. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जूनला होणाऱ्या चढाईचे हे सगळे सांकेतिक शब्द. गुप्तचर खात्याची माणसं कोडं करणाऱ्याच्या दारात. तो निघाला लेनर्ड डॉ नावाचा शाळेचा मुख्याध्यापक. हेर नव्हताच.

१९८४ मध्ये त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की सर कोड्याच्या रिकाम्या चौकटीत मुलांना शब्द भरायला देत आणि मग त्यांचे क्ल्यू स्वतः लिहीत. शाळेजवळ सैनिकांचा तळ होता. मुलं तिथे हिंडत आणि कानावर पडलेले शब्द घेऊन येत.

सगळे जण यातली हेरगिरीची बाजू सांगतात. मला त्यातली शाळा जास्त आवडते. शब्द मुलांनी आणायचे, क्ल्यू मास्तरांनी लिहायचे.

१८

भाची न्यू जर्सीत असते. सकाळी सात वाजता पेपर आला की मी कोड्याचा फोटो पाठवते. तिच्याकडे आदल्या दिवशीची रात्र असते. जेवणं आटोपून ती उद्याचं कोडं आज सोडवते आणि आडवे-उभे लिहून पाठवते. ‘वारू’ तिला आला, ‘वारूळ’ही आलं. ‘मापटं’ मीच तिला सांगितलं होतं, तेव्हा ते धरायचं नाही.

१९

मार्च २०२० मध्ये मुंबईत घरी पेपर येणं थांबलं. बातम्या टीव्हीवर होत्याच, हव्या त्याहून जास्त. कोडं मात्र नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, शिक्षण सातवी, माहेर शेतकऱ्याचं. त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे सात बाय सातची चौकट आखली आणि स्वतःच कोडं रचलं. नातवाने फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला.

त्यात अमरकोशातलं काही नव्हतं. पाभर होती, इरलं होतं, कोळपं होतं. एक क्ल्यू असा होता : ‘जनावरांनाही लागते, जात्यालाही लागते. तीन अक्षरी.’

संध्याकाळपर्यंत कुणालाच आलं नाही. रात्री काकूंनी फोनवर सांगितलं : “वैरण. गुरांपुढे टाकतो ती वैरण, आणि दळताना जात्याच्या तोंडात मुठीने घालतो ते धान्य, तीही वैरणच.” एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा असलेला क्ल्यू. इंग्रजीत अशा क्ल्यूंची मोठी परंपरा आहे, त्यांना स्वतंत्र नाव आहे, त्यांच्यावर पुस्तकं आहेत. काकूंना त्यांतलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना जातं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात आणखी कोडी आली. उजवीकडचा खालचा कोपरा त्यांना दर वेळी छळायचा, तिथे शब्द जुळेचनात. “डावीकडून सुरू करते म्हणून,” एकदा म्हणाल्या. “उद्या उजवीकडून करते.” तसं केल्यावर डावा कोपरा अडला.

२०

धाव. दोन अक्षरी.

‘बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी.’

‘मोट ओढताना बैल जातात ती उतरती वाट.’

‘फलंदाज काढतो.’

छापून येतो तो तिसरा. पहिले दोन छापले तर अनेकांना अडेल, हे खरं. पण अडलेला माणूस कुणाला तरी विचारेल, आणि विचारायला अजून माणसं आहेत. आणखी काही वर्षांनी विचारायला फक्त कोश उरेल.

२१

गणपतीत, दिवाळीत पेपरला सुट्टी असते. आदल्या कोड्याचं उत्तर मग एक दिवस उशिरा येतं. त्या एका दिवसात दोन-तीन फोन हमखास होतात, ‘शुभ दिवाळी’ म्हणायला केलेले, आणि शेवटी ‘ते उभे नऊ काय होतं गं?’

२२

आजचं. ‘पेरणीचे अवजार, तीन अक्षरी.’ ऑफिसात शेजारच्या टेबलावर साताऱ्याचा सहकारी, त्याने लगेच सांगितलं, “पाभर.” समोरच्या टेबलावर यवतमाळची मैत्रीण, ती म्हणाली, “तिफण. लिही बिनधास्त.” मी लिहिलं नाही. पहिल्या घराला छेदणारा उभा शब्द आधी सोडवला : ‘दया, दोन अक्षरी’. वरच्या घरात ‘कृ’ आधीच आलेलं होतं. कृपा. पाभर ठरली.

सातारकराने टेबलावर हात आपटला. यवतमाळकरणीने पेपर उलटून आवृत्ती कुठली ते बघितलं आणि परत दिला. “मुंबई आवृत्ती आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडच्या पेपरात असा क्ल्यू आला ना, तर तो उभा शब्द वेगळा असेल.”